शाळेचा सालगडी

आमच्या मराठवाड्यात गुढीपाडव्याला दोन गोष्टी होतात. दारात गुढी उभी राहते आणि शेतावरच्या गड्याचं साल बदलतं. पहिली गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकांना ठाऊक असते, दुसरी बहुधा नसते. मालक आणि गडी ओसरीवर बसतात. वर्षाची रक्कम ठरते, थोडी उचल हातावर पडते, वर धान्य किती, कपड्याचा जोड कधी, पायताण कुणी घ्यायचं, हेही बोलून घेतलं जातं. कागद होतोच असं नाही. चहा होतो. आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्या माणसाचा सगळा दिवस आणि बरीचशी रात्र त्या शेताची होऊन जाते.

सालगडी हा शब्द मिरवण्यासारखा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. उचलीच्या चार पैशांपायी बाप आणि मुलगा एकाच वाड्यावर राबत राहिल्याच्या गोष्टी आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतात. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला, तो अशाच व्यवहारांना आळा घालण्यासाठी. आता दिवस पालटले आहेत. चांगला गडी मिळत नाही म्हणून मालकालाच त्याची मनधरणी करावी लागते आणि सालाची रक्कम लाखाच्या पुढं गेल्याचं ऐकायला मिळतं. पण आज मला वाड्यावरच्या गड्याबद्दल लिहायचं नाही. शाळेच्या गड्याबद्दल लिहायचं आहे.

शाळेला शेत असतं, हे शहरात वाढलेल्या मुलांना खरं वाटत नाही. बीड जिल्ह्यात मात्र अशा कितीतरी शाळा सापडतील. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली आणि गावोगाव शाळा निघू लागल्या. विनोबांच्या भूदानाची सुरुवात १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत झाली. ते गाव तेव्हाच्या हैदराबाद राज्यातलं, म्हणजे त्या वेळी आम्ही ज्या राज्यात होतो त्याच राज्यातलं. जमीन देण्याची तेव्हा हवाच होती. कुणी शाळेला रीतसर बक्षीसपत्र करून दिलं, कुणी नुसता शब्द दिला. देणाऱ्यानं पुष्कळदा गोदाकाठची काळी जमीन स्वतःकडं ठेवली आणि बालाघाटाच्या उताराचा मुरमाड तुकडा शाळेला दिला, हेही खरं. पण दिला. सातबाऱ्यावर शाळेचं नाव लागलं, आणि मग प्रश्न उभा राहिला की हे शेत सांभाळायचं कुणी?

गुरुजींनी एक माणूस ठेवला. मुलं त्याला मामा म्हणू लागली. आपल्याकडं शाळेतल्या शिपायाला मामा म्हणतात, तसंच.

अशा मामाचं काम नेमकं काय असतं, हे एकदा नीट पाहायला हवं. पेरणी आणि काढणी ही कुणालाही दिसणारी कामं. न दिसणारी कामं अधिक. कृषिपंपाची वीज आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून बारे धरायला जायचं. ज्वारी हुरड्यात आली की दिवसा पाखरांसाठी गोफण आणि रात्री रानडुकरांसाठी जागल. पाटोद्याच्या बाजूला नायगावचं मयूर अभयारण्य आहे. त्या अंगाच्या शेतकऱ्याला मोराचं कौतुकही असतं आणि नुकतंच उगवलेलं पीक मोर टिपून जाईल ही धास्तीही असते. मग विहिरीचा गाळ, फुटलेला बांध, वाळलेली बाभूळ कुणी तोडून नेली त्याची चौकशी. आणि सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे शेजाऱ्याचं औत.

सरकारी किंवा संस्थेच्या जमिनीला मालकाची नजर नसते, हे शेजाऱ्याला पक्कं माहीत असतं. तो वाईट माणूस असतो असं नाही. नांगर वळवताना तो बांधाचा वीतभर भाग कोरतो, एवढंच. पुढच्या वर्षी आणखी वीतभर. एका मामांनी मला सांगितलं होतं, "सायेब, बांध काय बोलत नसतो. बोलावं आपल्याला लागतं." हे बोलण्यासाठी रोज तिथं उभा असणारा माणूस लागतो. मोजणीचा नकाशा तिजोरीत असून भागत नाही.

हे मामा मला भेटले ते १९९५ च्या सुमारास. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका शाखेत व्यवस्थापक होतो. शाळेचं खातं आमच्याकडं होतं आणि बँकेचा माणूस म्हणून संस्थेनं मला एका बैठकीला बोलावलं होतं. शाळेचं शेत साडेनऊ एकर. जमाखर्च माझ्यापुढं ठेवला गेला. मामांना सालाचे नऊ हजार आणि सहा पोती ज्वारी. बी, खत, विहिरीची दुरुस्ती वेगळी. दोन वर्षं पाऊस ओढ देत होता. शेत तोट्यात होतं, आणि तोटा पाहिला की उपाय सुचवायचा ही माझी नोकरीतली सवय. मी म्हणालो, "गडी कमी करा. दर पाडव्याला एकसाली लिलाव करा. ठोक रक्कम खात्यात पडेल, कटकट नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या पाडव्याला लिलाव झाला, रक्कम खात्यात पडली आणि मुख्याध्यापकांनी मला पेढे दिले.

मामांची दोन मुलं त्याच शाळेत होती. मोठी मुलगी सहावीत, धाकटा तिसरीत. दसरा झाल्यावर मामांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि नवरा-बायको कोयत्याला गेले. कोयता म्हणजे आमच्याकडं हत्याराचं नाव तर आहेच, पण नवरा-बायकोच्या जोडीलाही एक कोयता असंच म्हणतात. घरी म्हातारं माणूस नव्हतं, म्हणून मुलंही बरोबर गेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याशा कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत त्यांचा हिवाळा गेला. वैशाखात परत आली तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झाल्याचं कळलं.

माझ्या बदलीच्या वेळी निरोप समारंभात शाळेचं उत्पन्न वाढवल्याबद्दल माझा सत्कार झाला. त्या हिशेबात पटावरून गेलेल्या दोन नावांची नोंद कुठंच नव्हती. मी कादंबऱ्या लिहिल्या, पण या गोष्टीवर मला कधी लिहिता आलं नाही. आज लिहितो आहे.

आज मला माझा तो सल्ला माणुसकीच्या बाजूनं चुकीचा वाटतो, एवढंच असतं तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. तो सल्ला हिशेबानंही चुकीचा होता. एका वर्षासाठी जमीन घेणाऱ्याला दुसऱ्या वर्षाची काळजी नसते. शेणखत एकदा टाकलं की त्याचा गुण पुढची दोन-तीन वर्षं राहतो. मग एकसाली माणूस ते कशाला टाकेल? बांध कशाला घालेल? विहिरीचा गाळ कशाला काढेल? तो जमिनीतून जेवढं निघेल तेवढं काढून घेतो, आणि त्याचं काही चुकत नाही, कारण करारच तसा आहे. लिलावाची रक्कम आम्ही उत्पन्नाच्या बाजूला लिहीत होतो. खरं म्हणजे ती मुद्दल मोडून व्याज म्हणून दाखवणं होतं. कुणा ठेवीदारानं असं केलं असतं तर मी त्याला समोर बसवून समजावलं असतं.

शेत आणि शाळा यांची सांगड घालायचा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून श्रम करून शिकणं हा तिचा कणा राहिला. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यालय निघालं, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. गांधीजींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली, झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला आणि नई तालीम हा शब्द घरोघर पोचला. पुढं १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं कार्यानुभवाची शिफारस केली. इतक्या थोरामोठ्यांनी सांगितलेल्या गोष्टीचं आपण काय केलं? आठवड्याला एक तास कार्यानुभव ठेवला. त्या तासाला मुलं कागदाची फुलं करतात, बाजारातून विकत आणलेली केरसुणी स्वतः केली म्हणून दाखवतात आणि श्रेणी मिळवतात. खिडकीबाहेर शाळेची साडेनऊ एकर जमीन दुसराच कुणीतरी कसत असतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो साधा नाही. काही वर्षांपूर्वी एका पालकसभेत मी शाळेच्या शेतीबद्दल उत्साहानं बोललो. सभा संपल्यावर मागं बसलेली एक बाई पुढं आली. ऊसतोडीला जाणारी. म्हणाली, "सायेब, खुरपं माझ्या हातात हाय तेवढं बास झालं. लेकराच्या हातात पेनच राहू द्या."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ती बाई चुकीचं बोलत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना रानातच ठेवलं गेलं, त्यांच्या मुलांनी शाळेतही रानातच जावं, आणि ज्यांच्या घरी चार पुस्तकं होती त्यांच्या मुलांनी शहरात प्रयोगशाळेत जावं, ही वाटणी कुठल्याही आईला मान्य होणार नाही. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण तोंडी लावायला बरी असते. मी स्वतः ती भाषणात वापरली आहे, दर महिन्याचा पगार खिशात असताना. शिवाय श्रमसंस्काराच्या नावाखाली मुलांकडून फुकट काम करून घेतल्याचीही उदाहरणं आपल्या शाळांत कमी नाहीत.

त्या बाईचं म्हणणं मी बरीच वर्षं मनात घोळवलं आणि एका ठिकाणी येऊन थांबलो. मुलानं शेतात जाणं आणि मुलानं शेतात राबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवायच्या असतील तर शेतावर पगारी, कायमचा, मोठा माणूस असलाच पाहिजे. शेतावर माणूस नसला की दोनच गोष्टी होतात. शेत लिलावात जातं, नाही तर निंदायला मुलांच्या रांगा लागतात. मामा असले की निंदणी मामांची आणि त्यांनी लावलेल्या बायांची. मुलांनी यायचं, ओंजळभर माती घ्यायची, पावसानंतर कितव्या दिवशी वापसा आला ते पाहायचं, एका ओळीत किती रोपं उगवली आणि किती मेली ते मोजायचं, पर्जन्यमापकातला आकडा वहीत लिहायचा आणि तासाची घंटा झाली की वर्गात परत जायचं. मूल मोजतं, विचारतं, लिहितं तोवर ते शिक्षण. मजुराच्या जागी मूल उभं केलं की ती मजुरी. या दोहोंमध्ये राखणदार उभा असतो. तो जसा पाखरांपासून ज्वारी राखतो, तसंच शाळेच्या काटकसरीपासून मुलांनाही राखतो.

आणि त्याच्याकडं शिकवण्यासारखं असतं का? आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारणाऱ्यानं मृगाच्या पावसानंतर एखाद्या मामाबरोबर अर्धा तास बांधावर बसावं. वरची माती ओली दिसते, पण हात खुपसला की खाली कोरडी. अशात पेरलं तर दुबार पेरणी अटळ. हलक्या रानात बाजरी आणि तूर का, भारी रानात कापूस का. तिफणीच्या चाड्यावर मूठ सैल सोडली तर पुढं काय होतं. उताराला आडवी पाळी का घालायची. यात भूगोल आहे, गणित आहे, भौतिकशास्त्र आहे. बालाघाटावरचं सीताफळ तर कुणी लावलं नाही, पाणी घातलं नाही, आणि २०१६ साली त्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. हे फळ या मुरमातच असं का येतं, हा प्रश्न मुलांना विचारायला शाळेच्या बांधावरचं एक झाड पुरेसं आहे.

पदवी नसलेल्या माणसाला शाळेत शिकवू द्यायचं, ही कल्पना कुणाला धाडसी वाटेल. ती आपल्याच राज्यात करून पाहिलेली आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस दुष्काळी गावात जाऊन राहिला. त्यांनी माध्यमिक शाळांसाठी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बसवला, त्यात शेती-पशुपालन हा एक भाग आहे, आणि शिकवायला गावातलेच हातात कसब असलेले लोक निदेशक म्हणून घेतले जातात. सेवाग्रामला २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत मुलं बागेत आणि शेतात शिकतात. आमच्याच शिरूर कासार तालुक्यात आर्वी इथं दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी शांतिवन उभं केलं. ज्या मुलांचं नाव दसऱ्यानंतर पटावरून जायचं, ती मुलं तिथं राहून शिकली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर स्थानिक कला, कारागिरी, शेती यांतल्या जाणकारांना शाळेत शिकवण्यासाठी बोलवावं असं लिहिलेलंच आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस द्यावेत, असंही आहे. दार उघडं आहे. आत जायला कुणी तयार नाही, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. ज्या शाळेला जमीन आहे तिनं एकसाली लिलाव बंद करावा. शेतावर एक माणूस कायम नेमावा, तोंडी सालावर नव्हे, लेखी पगारावर. आणि त्यात एक अट घालावी की त्याची मुलं बाराही महिने याच शाळेत राहतील. आठवड्याचा एक तास त्याच्या नावानं वेळापत्रकात लिहावा आणि त्या तासाला विज्ञानाच्या शिक्षकांनीही बांधावर जावं, म्हणजे दोघांनाही एकमेकांचं थोडं कळेल. शेतीचा जमाखर्च मुलांनी मांडावा आणि तो फलकावर लावावा, तोट्यासकट. दुष्काळी जिल्ह्यातल्या मुलाला शेतीतला तोटा लपवून शेती शिकवणं ही फसवणूक आहे.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मी बँकेत असताना पहिला विचारत असे. आता शेवटी विचारतो. हलक्या रानातलं शेत एका माणसाचा पगार दर वर्षी काढीलच असं नाही. चार वर्षांतून एकदा काढणार नाही. त्या वर्षीची तूट संस्थेनं, गावानं, माजी विद्यार्थ्यांनी भरावी. शाळेच्या रंगाला, कमानीला, स्नेहसंमेलनाच्या मांडवाला वर्गणी निघते; राखणदाराला निघू नये असं काय आहे? एवढ्यानं जिल्ह्याचं स्थलांतर थांबेल, असा माझा भाबडा समज नाही. लाखो माणसं दर वर्षी जातात. पण एका शाळेनं एक घर गावात ठेवलं तरी दोन मुलांची वार्षिक परीक्षा होते. मी त्या दोन मुलांचा हिशेब देणं लागतो.

गेल्या वर्षी त्या गावी पुन्हा गेलो. मामा आता नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा गावातच असतो, ट्रॅक्टर चालवतो. तो मला ओळखत नव्हता आणि मीही ओळख दिली नाही. तेवढं धैर्य झालं नाही. शेताची नुकतीच मोजणी झाली होती. साडेनऊ एकराचं साडेआठ भरलं. एक एकर शेजाऱ्यांच्या नांगराबरोबर वीत वीत करून गेलं होतं. विहिरीत बाभूळ उगवली होती.

नवे मुख्याध्यापक तरुण आहेत. लिलाव बंद करायचं त्यांच्या मनात आहे. म्हणाले, "माणूस मिळेल, सर. पगाराचंही बघू. अडचण वेगळीच आहे. त्याचं नाव लावायचं कुठं? शिक्षकांचं हजेरीपत्रक आहे, शिपायांचं आहे. शेतावरच्या माणसासाठी रकानाच नाही."

मी त्यांना म्हणालो, रकाना आपणच आखायचा असतो. त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा खाली ठेवली. संस्थेला विचारायला हवं, म्हणाले. पाडव्याला अजून दोन महिने होते.